आभाळातला टँकर: जुनं विमान बदलून घ्यावं, नवं घ्यावं की भाड्यानं आणावं?

लेथवाला_वाळूज
नमस्कार मंडळी. वाळूजला माझं लहानसं सीएनसी शॉप आहे, आठ मशिनी आणि बावीस माणसं. विमानांचं वेड मात्र शाळेपासूनचं. चिकलठाण्याच्या कुंपणाबाहेर सायकल उभी करून विमान उतरताना बघत बसायचो.

गेले काही दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. लढाऊ विमानांना हवेतल्या हवेत इंधन देणारी आपल्या हवाई दलाकडं सहाच विमानं आहेत, इल्यूशिन-७८. २००३-०४ मध्ये आली, आग्र्याला असतात. त्यानंतर सातवं घेतलंच नाही. दोनदा निविदा निघाली, दोन्ही वेळा एअरबसच्या ए-३३० एमआरटीटी या टँकर विमानाला पसंती मिळाली आणि दोन्ही वेळा फाईल बंद झाली. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली की शर्यतीत इस्रायलची आयएआय ही विमान कंपनी एकटीच उरलीय. ती वापरलेली बोइंग-७६७ विमानं घेऊन त्यांचे टँकर करून देणार. सहा विमानं, सुमारे ८,००० कोटी रुपये.

माझं मत सरळ आहे. देशाच्या रक्षणाला सेकंडहँड विमान नको. नवं घ्या, एकदाच घ्या. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारणं सांगावीत, मला खरंच ऐकायचंय.

परभणीचा_पोरगा
दादा, एक बेसिक प्रश्न. विमान टाकी फुल करूनच उडत असेल ना? मग वर गेल्या गेल्या पुन्हा इंधन कामून लागतं?

फौजी_औसा
बाळा, प्रश्न बरोबर आहे. मी हवाई दलात तांत्रिक शाखेत वीस वर्षं काढली, आता औशाला शेती बघतो.

टाकी फुल आणि शस्त्रं फुल, दोन्ही घेऊन उडता येईलच असं नसतं. विमान जमिनीवरून किती वजन उचलणार याला मर्यादा असते. लेहचा तळ १०,००० फुटांहून उंचावर आहे. तिथं हवा विरळ, म्हणून पंखाला उचल कमी आणि इंजिनाला जोरही कमी. उसाची ट्रॉली नाल्यातून वर चढेना की आपण काय करतो? थोडा ऊस काठावर उतरवतो, चढ पार झाला की पुन्हा भरतो. तसंच हे. इंधन कमी घेऊन, शस्त्रं पूर्ण घेऊन उडायचं आणि वर टँकरकडून टाकी भरायची. चढाला सगळा जोर लागतो, एकदा वर गेलं की तेच विमान ते वजन आरामात वाहतं.

दुसरं म्हणजे लांब पल्ला. २००४ मध्ये आपली जग्वार विमानं सरावाला थेट अलास्काला गेली, ती याच इल्यूशिनांच्या जोरावर. जुलै २०२० मध्ये पहिली पाच राफेल अंबाल्याला आली, तेव्हा वाटेत ३०,००० फुटांवर फ्रान्सच्या टँकरनं त्यांना इंधन दिलं. आपलं तेजसही मागं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये २०,००० फुटांवर इल्यूशिनकडून १,९०० किलो इंधन घेतलं. त्या दिवशी मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो.

परभणीचा_पोरगा
काका, ट्रॉलीचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. धन्यवाद!

जालन्याची_भट्टी
जरा आकडे मांडतो. एमआरटीटी १११ टन इंधन नेतं, म्हणजे साधारण १,३९,००० लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडं फिरणारे १२,००० लिटरचे साडेअकरा टँकर एका विमानात! आणि हे सगळं मूळच्याच टाक्यांत मावतं, जास्तीची टाकी बसवावी लागत नाही. त्यामुळं पोटातली सामानाची जागा मोकळी राहते, वर माणसं बसतात. अमेरिकेच्या नव्या केसी-४६ मध्ये ९६ टन मावतं.

वाटपाचा वेग तर विचारूच नका. शेपटाखालच्या कडक नळीतून, तिला बूम म्हणतात, मिनिटाला ३,६०० किलोपर्यंत. पंखाखालच्या लवचिक पाइपातून १,३०० किलोच्या आसपास.

मांजराकाठ
टँकरचा विषय निघाला आणि आम्ही लातूरकर गप्प बसू असं होणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास वॅगनची गाडी सुरू झाली. आई त्या दिवशी स्टेशनवर नुसती बघायला गेली होती. घरात आम्ही भांडी घासलेलं पाणी संडासाला वापरत होतो, त्यामुळं तिला ते दृश्य बघायचंच होतं.

हे सांगायचं कारण आहे. त्या वॅगन काही नव्या बनवल्या नव्हत्या. असलेल्याच टाक्या राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कार्यशाळेत धुवून, पाणी नेण्याजोग्या करून पाठवल्या होत्या. रांगेत उभ्या असलेल्या एकाही माणसानं वॅगन नवी की जुनी असं विचारलं नाही. पाणी आलं का, उद्या येणार का, एवढंच विचारलं. म्हणून लेथवाला भाऊ, 'सेकंडहँड नको' हे मला तितकंसं पटत नाही.

लेथवाला_वाळूज
ताई, तुमचा मुद्दा मनाला लागला. पण रुळावरची टाकी आणि ३०,००० फुटांवरचं विमान यांची तुलना कशी करायची? वॅगन गळली तर पाणी जाईल. इथं माणसं जातील. १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेसवर इंधन भरताना अमेरिकेचं बी-५२ बाँबर आणि केसी-१३५ टँकर एकमेकांना धडकली, चार हायड्रोजन बाँब खाली आले. ही कामं नव्या, खात्रीच्या यंत्रानंच व्हायला हवीत.

शेंद्रा_क्यूसी
भाऊ, पालोमारेसच्या वेळी ती केसी-१३५ जुनी नव्हती हो. तो ताफाच तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. :)

आता 'नवं म्हणजे खात्रीचं' यावर. मी शेंद्र्याला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, म्हणून केसी-४६ ची गोष्ट मी बारकाईनं वाचत आलोय. बोइंगला फेब्रुवारी २०११ मध्ये कंत्राट मिळालं. ऑगस्ट २०१७ पर्यंत १८ विमानं द्यायची होती. पहिलं विमान मिळालं जानेवारी २०१९ मध्ये. आणि मूळ सांगाडा कुठला? तोच ७६७, जो बोइंग १९८० च्या दशकापासून बनवत आली होती. ओळखीच्या विमानात एवढा उशीर का झाला, ते बघण्यासारखं आहे.

आधी वायरिंग. लष्करी नियमानुसार एकाच कामाच्या दोन वायरी एकमेकींपासून ठरावीक अंतरावर हव्यात, म्हणजे एकीला गोळी लागली तरी दुसरी वाचते. ते अंतर अनेक जागी पाळलं गेलं नव्हतं, २०१४ मध्ये ते पुन्हा करावं लागलं. २०१५ मध्ये पुरवठादारानं चुकीचं लेबल लावलेलं रसायन इंधन प्रणालीत गेलं आणि भाग खराब झाले. एक लेबल! २०१९ मध्ये तयार विमानांच्या आत विसरलेली हत्यारं आणि धातूचे तुकडे सापडले, तेव्हा अमेरिकी हवाई दलानं विमानं ताब्यात घेणंच थांबवलं. २०२५ च्या सुरुवातीला पंखाच्या मागच्या हलत्या भागाच्या आधारांना तडे दिसले, पुन्हा थांबवलं.

आमच्याकडं पाळी संपली की टूल बोर्डवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची रिकामी जागा दिसते. एक पाना कमी दिसला तरी कुणी घरी जात नाही. एवढ्या मोठ्या कारखान्यात ही साधी शिस्त सुटली, याचं मला खरोखर दुःख झालं.

लेथवाला_वाळूज
हे वाचून पोटात गोळा आला. तीन वर्षांपूर्वी आमचा एक लॉट परत आला होता. एका मोठ्या खरेदीदाराचं हायड्रॉलिकचं काम, आडव्या भोकाच्या आत तासलेल्या धातूची एक बारीक चिप अडकली होती. २४० नगांत एका नगात. त्यांनी अख्खा लॉट परत केला, वर पैसे अडकवले आठ महिने. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, लॉट परत करणं बरोबर होतं, पैसे अडकवणं चूक.

नांदेडची_डोळ्यांची_डॉक्टर
केसी-४६ च्या कॅमेऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, माझ्या कामाचा विषय आहे.

जुन्या केसी-१३५ मध्ये बूम चालवणारा शेपटाकडं पोटावर पालथा पडून खिडकीतून खाली बघतो. थेट डोळ्यांनी. केसी-४६ मध्ये तो पुढं खुर्चीत बसतो आणि विशेष चष्मा लावून पडद्यावर त्रिमितीय चित्र बघतो. कल्पना चांगली, माणसाला आरामही. पण आपल्या दोन डोळ्यांत सहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर असतं, दोघांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्या फरकावरून मेंदू ठरवतो की समोरची वस्तू किती लांब आहे. कॅमेऱ्यांचं अंतर, कोन, पडद्याची जागा यांत थोडी जरी गफलत झाली तरी डोळे ताणतात, डोकं दुखतं आणि अंतराचा अंदाज चुकतो. तिथं तेच झालं. सूर्य ठरावीक कोनात आला की चित्र फिकट व्हायचं, सावलीत हरवायचं. बूमचं टोक खालच्या विमानाला घासायचं, आणि रडारपासून लपणाऱ्या विमानांच्या लेपाला असे ओरखडे फार महाग पडतात. दृष्टीची नवी प्रणाली करायची ठरली, ती लांबत लांबत २०२७ वर गेलीय.

मोतीबिंदूच्या एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन दुसऱ्याचं राहिलेले आजोबा चहाच्या कपात दूध ओतताना कप चुकवतात. रोज बघते. इथं कपाच्या जागी ताशी शेकडो किलोमीटर वेगानं जाणारं विमान आहे.

बीडचा_हिशोबनीस
सगळेजण यंत्रावर बोलायलेत, मी कागदावर बोलतो. बोइंगनं ते कंत्राट ठरावीक किमतीचं घेतलं होतं. खर्च वाढला तर तो कंपनीचा. आजवर ७ अब्ज डॉलरहून जास्त तोटा त्यांनी सोसलाय. करदात्याचा पैसा वाचला हे खरं, पण कंपनी तोट्यात काम करत असली की दुरुस्ती सावकाश होते, आणि विमान शेवटी हवाई दलालाच उशिरा मिळतं. खडीकरणाचं काम २५ टक्के कमी दरानं घेणारा ठेकेदार आपण सगळ्यांनी पाहिलाय.

आपल्याकडच्या दोन रद्द निविदांसाठी सगळे अर्थ मंत्रालयाला दोष देतात. मी देणार नाही. २०१० मध्ये 'एवढं महाग का?' असं त्यांनी विचारलं, ते त्यांचं कामच आहे. दुसऱ्या वेळी नुसती खरेदीची किंमत न बघता विमान आयुष्यभर चालवायचा खर्चही धरायचं ठरलं. त्या हिशोबानं जानेवारी २०१३ मध्ये ए-३३० सर्वात स्वस्त ठरलं. मग वाटाघाटी चालल्या त्या २०१६ पर्यंत, आणि निविदा मागं घेतली. पुढच्या तीस वर्षांचं इंधन, सुटे भाग, दुरुस्ती यांचा आकडा आज कागदावर पक्का करणं सोपं नसतं.

फौजी_औसा
हिशोबनीस साहेब, प्रश्न विचारण्याला माझी हरकत नाही. तुमच्या वहीत एक रकाना कमी आहे एवढंच माझं म्हणणं आहे. घेतलं तर किती खर्च, हे तुम्ही मांडता. न घेतल्याचा खर्च कुठं मांडता?

कॅगचा २०१७ चा अहवाल बघा. २०१० ते २०१६ या काळात इल्यूशिन टँकरांपैकी उडायला तयार असलेल्यांचं प्रमाण सरासरी ४९ टक्के होतं, हवं होतं ७० टक्के. म्हणजे सहांतली तीन. सकाळी बोर्डावर तीन, आणि देश केवढा? पश्चिमेला एक, उत्तरेला एक, पूर्वेला एक. त्यातलं एक ऐन वेळी बसलं की संपलं. तेवढ्या काळात पाकिस्ताननं युक्रेनकडून चार घेतली, आणि चीननं स्वतःच्या वाय-२० मालवाहू विमानाचा टँकर बनवून दलात आणला.

सुट्या भागासाठी विमान उभं राहणं काय असतं ते मी भोगलंय. एका बेसवर आमचं एक विमान एका साध्या व्हॉल्व्हसाठी अडून होतं. शेवटी त्याच्याच अंगावरचे भाग काढून आम्ही दुसरी दोन उडती ठेवली. रोज त्याच्याजवळून जाताना मान खाली जायची.

इतिहासप्रेमी_पैठण
सुटे भाग का मिळत नाहीत याची मुळं ताश्कंदमध्ये आहेत. आपली सहाही तिथं बनली. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा कारखाना उझबेकिस्तानात राहिला आणि आराखडा बनवणारी संस्था रशियात. २००५ मध्ये चीननं ३४ मालवाहू इल्यूशिन-७६ आणि ४ टँकर मागवले होते, पण ठरलेल्या किमतीत बनवणं त्या कारखान्याला झेपलं नाही आणि व्यवहार बारगळला. पुढं रशियानं उत्पादन उल्यानोव्स्कला नेलं. कारागीर पांगले की नुसते नकाशे नेऊन भागत नाही. आमच्या पैठणीच्या मागांचं तेच आहे. माग नवा करता येतो, त्यावर बसणारा हात तयार व्हायला वर्षं जातात.

जालन्याची_भट्टी
बूम की पाइप, यावर कुणी बोला. माझ्या माहितीप्रमाणे आपली सुखोई, राफेल, तेजस सगळी नाकापाशी नळी असलेली, पाइपवाली आहेत. मग आपल्याला बूम हवाच कशाला?

फौजी_औसा
लढाऊ विमानांपुरतं बरोबर. पण आपल्याकडं सी-१७ मालवाहू विमानं आहेत आणि नौदलाकडं पी-८आय आहेत. दोन्ही अमेरिकी, दोन्हींना बूमच लागतो. इल्यूशिनला बूम नाही, म्हणून त्यांना आपण हवेत इंधन देऊच शकत नाही. हिंद महासागरावर पाणबुडी शोधणाऱ्या पी-८आय ला दोन-चार तास जास्त मिळाले तर काय फरक पडतो, नौदलवाल्यांना विचारा. पुढच्या टँकरला दोन्ही सोयी हव्यातच.

शेंद्रा_क्यूसी
ब्रिटननं हीच चूक केली. २००८ मध्ये २७ वर्षांचा करार करून त्यांनी १४ ए-३३० टँकर जवळजवळ भाड्यानंच घेतले. बूम बसवला नाही. आज त्यांची स्वतःची सी-१७ आणि पी-८ त्यांच्याच टँकरकडून इंधन घेऊ शकत नाहीत.

सोयाबीन_हिंगोली
भाड्याचा विषय निघाला म्हणून. मार्च २०२५ मध्ये आपण एका अमेरिकी कंपनीचं केसी-१३५ भाड्यानं घ्यायचा करार केला, वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी. त्याला माझा पूर्ण पाठिंबा. शिकायला भाड्याचं चालतं. त्यामुळं आपली स्वतःची इल्यूशिन कामाला मोकळी राहतात.

पण लढाईच्या भरवशावर भाड्याचं नको. मिरगात पाऊस पडला की भाड्याच्या बैलजोडीवाला आधी स्वतःचं रान पेरतो, मग आपल्याकडं येतो. त्याची चूक नाही, ओल सगळ्यांच्याच रानात एकाच दिवशी असते.

मांजराकाठ
शंभर टक्के!

बॉडीवर्क्स_कन्नड
मी ट्रॅव्हल्सच्या बसगाड्यांची बॉडी बांधतो. लेथवाला भाऊंना माझ्या धंद्यातलं सांगतो. गाडी किती वर्षांची हे आम्ही शेवटी विचारतो. आधी चासी बघतो, किती आणि कुठल्या रस्त्यावर धावली ते बघतो. विमानाचंही तेच आहे. वर्षांपेक्षा उड्डाण-उतरणीच्या फेऱ्या महत्त्वाच्या, कारण प्रत्येक फेरीत आतल्या हवेच्या दाबानं सांगाडा फुगतो आणि आकसतो. लांब पल्ल्याच्या मार्गावर असलेल्या विमानाच्या फेऱ्या कमी भरतात. टँकर झाल्यावर तर ते प्रवासी विमानाच्या मानानं फारच कमी उडतं. केसी-१३५ चं उत्पादन १९६५ मध्ये थांबलं, आणि ती विमानं आजही शेकड्यांनी उडतायत.

सुट्या भागांचं म्हणाल तर ७६७ चा मालवाहू ताफा जगभर मोठा आहे. बोइंग मालवाहू ७६७ बनवणं २०२७ मध्ये बंद करणार असली तरी केसी-४६ साठी तीच लाईन चालू राहते. आयएआयनं असं एक ७६७ कोलंबियाला २०१० मध्येच करून दिलंय. आणि आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं (एचएएल) एप्रिल २०२२ मध्ये आयएआयशी हेच काम इथं करण्याचा सामंजस्य करार केला आहे. काम खरंच इथं झालं तर आपल्या पोरांचा हात तयार होईल. पैठणवाल्यांनी लिहिलं तसा.

शेंद्रा_क्यूसी
चासीचं पटलं, पण एक सावधगिरी. इटलीनं चार ७६७ टँकर मागवले होते, नवे. पंखाखाली पाइपाचे पॉड, म्हणजे पाइप गुंडाळून ठेवायचे डबे, लावले तेव्हा हवेच्या प्रवाहानं थरथर सुरू झाली आणि ती सोडवण्यात वर्षं गेली. पहिलं विमान २०११ मध्ये मिळालं. आपल्याला पंखाखालचे पॉड आणि बूम दोन्ही हवेत. म्हणून आपल्या सहांच्या चाचण्या आपल्याच विमानांबरोबर, सुखोई आणि तेजस मागं लावून, ताबा घेण्याआधी पूर्ण व्हायला हव्यात.

लेथवाला_वाळूज
मंडळी, चार दिवस हा धागा वाचतोय. काल रात्री शॉप बंद करून पुन्हा पहिल्यापासून वाचला. 'सेकंडहँड नको' हे माझं म्हणणं मी मागं घेतो. मी नवं-जुनं यातच अडकलो होतो. फौजी काकांचे ते तीन टँकर डोक्यातून जात नाहीत.

मी आमच्याच मशिनींचा विचार केला. माझ्याकडं आठांतल्या तीन मशिनी जुन्या आहेत, तैवानच्या. त्या कधी बंद पडत नाहीत, कारण त्यांचा सर्व्हिसवाला चिकलठाण्यात बसतो. एक कोरी मशीन मात्र गेल्या वर्षी स्पिंडलसाठी सात आठवडे झाकून ठेवली होती. एवढं डोळ्यासमोर असून मी पहिल्या पोस्टमध्ये उलटं लिहून बसलो.

तेव्हा माझी मागणी आता अशी. ७६७ घ्यायचं तर घ्या, पण करारात लिहून घ्या की सहांतली किमान इतकी रोज सकाळी उडायला तयार हवीत, कमी भरली तर पैसे कापले जातील. सुट्या भागांचा साठा आणि मोठी दुरुस्ती देशातच. चाचण्या शेंद्र्याच्या भावानं लिहिल्या तशा. आणि ही तिसरी निविदा आहे, ती आता रद्द करू नका.

बीडचा_हिशोबनीस
'किमान इतकी' म्हणून चालत नाही, आकडा लिहावा लागतो. कॅगच्या अहवालातलेच ७० टक्के धरा. सहाचे ४.२. म्हणजे चार म्हणायचं की पाच, हे करार लिहितानाच ठरवा, नाहीतर पुढं भांडण त्यावरूनच होतं. आणि फौजी काका, तुमचा तो रिकामा रकाना मी मान्य करतो.

फौजी_औसा
पाच लिहा साहेब.

परभणीचा_पोरगा
काका, शेवटचा प्रश्न. इल्यूशिनमध्ये इंधन देणारा माणूस कुठं बसतो? मला ते काम करायचंय.

फौजी_औसा
अगदी शेपटाशी. मूळ मालवाहू विमानात जिथं मागच्या तोफेचा गनर बसायचा, तीच जागा. तोंड मागं, समोर सगळं आभाळ आणि त्यात हळूहळू जवळ येणारं आपलंच विमान. गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत औशाला ये, भरतीचं सगळं नीट बसून सांगतो. येताना मार्कशीट घेऊन ये.